डाव्या अंगाचा खांब

द्वारकाबाई : न्हाय, जैनोद्दीनभाई. ही बी जोडी न्हाय.

जैनोद्दीन : अजी बाई, सकाळपासनं दुकानातला एकेक खांब तुमच्यापुढं उभा केला. कमळाचा दाखवला, लोट्याचा दाखवला. तुम्ही म्हणालात पिळाचा पाहिजे. पिळाचे दोन काढून दिले. एकच सागवान, एकच माप, एकाच हातानं कातलेले. आता जोडी नाही म्हणजे काय?

द्वारकाबाई : खांब सोन्यावाणी हायती. त्यात खोट काडली तर जीभ झडंल माझी. पर जोडी न्हाय.

जैनोद्दीन : घ्या आता! सकिना, पाणी आण गं.

सकिनाबी : तुम्हाला का बाईंना?

जैनोद्दीन : दोघांना आण. मला जरा जास्त आण.

द्वारकाबाई : चिडू नका भाई. ईट गावाहून हितवर धूळ खात आले ती काय तुमचं डोकं खायला? नवं घर बांधलंय आमी. घरभरणी तोंडावर आली. सारं झालंय, जिना तेवढा उघडाबोडका हाय. ओसरीतनं सरळ वर जातो. दोनी अंगाला लाकडाचा कठडा, अन पायथ्याशी दोन मोठे खांब. दारात पाय टाकला की माणसाला पयले ते दिसत्याल.

जैनोद्दीन : मग हे दोन न्या की! का मालकांना विचारायचं आहे? हिंमतराव आलेत ना सोबत? कुठं आहेत?

द्वारकाबाई : लोखंडवाल्याकडं.

जैनोद्दीन : लोखंडवाल्याकडं? कशाला?

द्वारकाबाई : नळ्या बघाया. मला म्हनले, भूमची गाडी सुटायच्या आत तुजे खांब ठरले तर ठरले. न्हाय तर नळ्या ठोकू, हिरवा रंग देऊ, अन मोकळं होऊ.

जैनोद्दीन : तौबा! राहत्या घराला लोखंडी नळ्या? घर आहे का इस्पितळ?

सकिनाबी : उन्हाळ्यात हात ठेवला तर चटका बसतो नळीचा. पाणी घ्या बाई.

द्वारकाबाई : म्या तरी काय सांगतीया? पर आमच्या माणसाला एकडाव लोखंड दिसलं की दुसरं काय दिसत न्हाय. म्हून म्हनते भाई, जोडी दाखवा. लाकूडच न्यायचंय मला.

जैनोद्दीन : पण जोडी म्हणजे तुमच्या मनात आहे तरी काय? तेवढं सांगा.

द्वारकाबाई : आता कसं सांगू... असं करा. ह्यो एक दाराच्या ह्या अंगाला उभा करा, ह्यो दुसरा त्या अंगाला. धरा त्यो, सकिनाबी. भाई, तुमी ह्यो धरा. दार म्हंजी माजा जिना. म्या भायेरनं आत येते, मदनं.

जैनोद्दीन : रस्त्यावरचे लोक बघतात, बाई.

द्वारकाबाई : बघू द्या की, काय चोरी करतोय आपन? ...आले बगा. ह्यो उजवीकडचा पीळ कसा वर चडत चडत माज्याकडं वळतो. या बाई, बसा बाई, म्हनतो. अन ह्यो डावीकडचा? ह्यो बी त्याच अंगाला पळतोय. माज्याकडं पाठ फिरवून निगालाय जावईबापू!

सकिनाबी : खरंच की.

जैनोद्दीन : तू गप. बाई, पिळाला कुठं पाठ-पोट असतं?

द्वारकाबाई : असतं. तुमच्या घरी बैल हायती का?

जैनोद्दीन : लाकूड कातणाऱ्या खराद्याच्या घरी बैल कशाला?

द्वारकाबाई : मग आयका. एका मापाचे, एका रंगाचे दोन बैल आनले म्हंजी जोडी न्हाय व्हत. एक उजव्या अंगाला चालनारा लागतो, एक डाव्या. दोनी उजवेच जुपले तर गाडी बांदावर जाती. तुमचे दोनी बैल उजवे हायती, भाई. लाखाचे हायती, पर उजवे.

जैनोद्दीन : वा! खराद्याला आता बैलाची अक्कल! बाई, आमच्या घराण्यात पीळ एकाच अंगाला जातो. अब्बांचा तसाच जायचा, दादांचा तसाच जायचा. लाकडावर सूत गुंडाळायचं, सुताच्या मागं पटाशी चालवायची. हात त्याच वळणाचा झालाय.

द्वारकाबाई : मग सूत उलटं गुंडाळा.

जैनोद्दीन : केलं नाही काय? जवानीत केलं होतं. सूत जातं हो उलटं, हात जात नाही. पटाशी अडखळते, लाकूड चिरतं. उलटा पीळ ह्या उस्मानाबादेत कुणाच्या हातचा मिळायचा नाही तुम्हाला. उगाच पायपीट करू नका.

द्वारकाबाई : असं म्हनता? ...थांबा जरा. कोपऱ्यावर जाऊन गाडी लागली का बगते. आमचं माणूस नळ्या खांद्यावर टाकून हुबं ऱ्हायचं तितं.

सकिनाबी : अजी.

जैनोद्दीन : काय?

सकिनाबी : बाई बाहेर गेल्यात तोवर बोलते. तो दाखवा की.

जैनोद्दीन : कुठला तो?

सकिनाबी : पोत्याखालचा.

जैनोद्दीन : हळू बोल! तो नाही दाखवायचा.

सकिनाबी : उलटा पीळच मागतात त्या. तो उलटाच आहे.

जैनोद्दीन : आणि विचारलं, कुणी काढला, तर? काय सांगू? खराद्याच्या घरात बाईनं खराद फिरवायची दोरी ओढावी, भुसा झाडावा. पटाशीला हात लावला की दुकानाची बरकत जाते. अब्बा सांगून गेलेत. बाजारात कळलं तर लोक म्हणतील, जैनोद्दीनचा हात गेला, आता बायकोवर दुकान चालवतो.

सकिनाबी : खांब तुम्हीच कातला होता. पीळ तेवढा मी काढला. निकाह झाल्यापासनं त्या दोरीला बसलेय मी. साऱ्या जिल्ह्यात तुमचे पलंग झाले, तुमचे पाळणे झाले. माझ्या हातची एक तरी वस्तू कुणाच्या घरात उभी राहू द्या, माझी म्हणून. दुसरं काय मागितलं कधी?

जैनोद्दीन : जळणात घाल म्हणालो होतो ना तुला?

सकिनाबी : नाही घातला.

जैनोद्दीन : तेच. तू ऐकतेस कधी?

सकिनाबी : बाकी सगळं ऐकलं. हे नाही ऐकलं.

जैनोद्दीन : चूप, आल्या त्या... या बाई! गाडी लागली का?

द्वारकाबाई : लागली. आमचे धनी बी तितंच हायती, टपरीवर च्या पीत. लोखंडवाला बी संगट हाय मेला, जळूवाणी चिकटलाय. पाय भरून आले बया. बसते जरा हितं.

जैनोद्दीन : तिथं नको! तिथं नका बसू. हा घ्या चौरंग.

द्वारकाबाई : ऱ्हाऊ द्या वो. पोतं हाय, मऊ हाय.

जैनोद्दीन : भुसा आहे त्याच्यात. लुगड्याला लागेल.

द्वारकाबाई : शेतकऱ्याची बाई हाय म्या. भुश्यानं काय मरत न्हाय.

जैनोद्दीन : बरं बसा. पण एक सांगा बाई, रागावू नका. जिनाच आहे हो तो. गाभारा तर नाही. एवढा हट्ट कशाला? चढायचं आणि उतरायचं.

द्वारकाबाई : हट्ट? ...सांगू का? आमच्या जुन्या घराचा जिना भितीत व्हता. अंदारा, एक माणूस कसाबसा जाईल असा. वर गेलं की तोंडाशी फळी टाकायची, फळीवर जातं ठेवायचं. रझाकारीच्या सालात आमी साऱ्या बायका त्या माडीवर कोंडून बसलो व्हतो. लेकरांच्या तोंडावर हात दाबून. खाली कुतरं भुकलं तरी काळजात धस्स व्हायाचं. जाऊ माजी, प्रेमाबाई, अजून बी म्हनती, जिना भितीतच बरा, काय सांगावं येळ? नव्या घराला बी तसाच काडा म्हनत हुती. म्या म्हनलं, न्हाय. आता दहा वरसं व्हतील त्या गोष्टीला. किती दिस भ्यायचं? माजा जिना ओसरीत, उजेडात. फळी न्हाय, जातं न्हाय. अन पायथ्याशी दोन खांब, येनाऱ्याला वर या म्हननारे. त्यातला एक जरी पाठ फिरवून ऱ्हायला तर जाऊ म्हनंल, बग, ह्याला बी भ्या वाटतंय!

सकिनाबी : तुम्ही माडीवर लपलात. मी पेवात लपले.

द्वारकाबाई : पेवात? कंदी?

सकिनाबी : त्याच साली, तुमच्या मागनं. हिंदुस्तानची फौज आली तेव्हा. येडशीला होते मी, माहेरी. लक्ष्मीबाई म्हणून एक होत्या शेजारी, त्यांच्या जमिनीखालच्या पेवात. वरनं दोरीला भाकरी बांधून सोडायच्या. ज्वारीच्या वासानं अजून गुदमरतं मला.

द्वारकाबाई : बया गं... तुमी खाली, आमी वर.

सकिनाबी : हौ.

द्वारकाबाई : म्हंजी तुमाला कळतंय म्या काय म्हनते ती.

सकिनाबी : कळतं. चांगलं कळतं. बाई, जरा उठता का?

जैनोद्दीन : सकिना!

सकिनाबी : उठा बाई. तुम्ही ज्याच्यावर बसलात ना, ते दाखवायचं आहे तुम्हाला.

(सकिनाबी पोतं ओढून बाजूला टाकते.)

द्वारकाबाई : आगं आई आई आई! ह्यो... ह्याचा पीळ तर...

सकिनाबी : डावा आहे.

द्वारकाबाई : काखेत कळसा अन गावाला वळसा! म्या ह्येच्यावर बसून ह्येलाच हुडकीत व्हते! उचला, उचला भाई. त्या डाव्या अंगाला उभा करा. सरळ धरा की वो! म्या पुन्यांदा भायेरनं येते... आले! बगा, बगा! ह्यो बी माज्याकडं वळला! त्यो बी वळला! दोगंबी या म्हनत्यात! माय माजे, अंगावर काटा आला बगा, ह्यो बगा. ही जोडी! ह्येला म्हनत्यात जोडी!

जैनोद्दीन : बाई, तो बिघडलेला आहे.

द्वारकाबाई : कुठं बिगडलाय?

जैनोद्दीन : उलटा आहे. ते... शागिर्दाचं काम आहे. नवखा होता. चुकला.

द्वारकाबाई : चुकला? भाई, हात फिरवा त्याच्यावर. वरनं खालवर फिरवा. कुठं खरबरीत लागतंय का सांगा.

जैनोद्दीन : ...नाही लागत.

द्वारकाबाई : कुठं पीळ बारीक-मोठा झालाय?

जैनोद्दीन : नाही.

द्वारकाबाई : तुमच्यासारका हाय का?

जैनोद्दीन : माझ्यासारखाच आहे. म्हणजे... खोल आहे जरा. गोल उतरलाय. माझा इतका गोल नाही उतरत.

द्वारकाबाई : आन ह्येला तुमी चूक म्हनता! बोलवा त्या शागिर्दाला. त्याच्या हातावर नारळ ठेवते म्या.

जैनोद्दीन : तो इथं नाही.

द्वारकाबाई : कुठं गेला?

जैनोद्दीन : बार्शीला.

द्वारकाबाई : मग म्या बार्शीला जाते. डाव्या अंगाचं सारं काम मला त्याच्याकडनंच करून पायजे. नाव सांगा त्याचं.

जैनोद्दीन : नाव... नाव काय...

सकिनाबी : सांगा की. बाई जातील उगाच बार्शीला.

द्वारकाबाई : सांगा भाई, गाडी सुटंल माजी.

जैनोद्दीन : या अल्ला... सकिना.

द्वारकाबाई : तिला काय हाका मारताय, शागिर्दाचं नाव सांगा.

जैनोद्दीन : तेच सांगितलं बाई. सकिना. ही. माझी बायको. हा पीळ हिनं काढलाय.

सकिनाबी : पाणी देऊ का बाई?

द्वारकाबाई : पानी काय देती गं बये! इकडं ये. हात दाव तुजे. असं लपवू नको पदरात. आगं, असा हात असून तू मला मगापासून पानी पाजत बसलीस?

जैनोद्दीन : त्या दिवशी रागात विचारलंच नाही मी. पण तू शिकलीस कधी? कुणी शिकवलं तुला?

सकिनाबी : तुम्हीच.

जैनोद्दीन : मी? कसम घेऊन सांगतो, एक शब्द नाही सांगितला मी.

सकिनाबी : सांगितला नाही. पण मी समोर बसून दोरी ओढत होते ना? तुम्ही सूत डाव्या हाताकडनं गुंडाळायला लागता. समोरनं मला ते माझ्या उजव्या हाताकडनं दिसायचं. तुमच्या जागेवर बसले तेव्हा मी उजवीकडनंच सुरुवात केली. पीळ वर गेला तेव्हा कळलं, तुमचा इकडं जातो आणि माझा तिकडं. आधी रडले. मग खांब उभा करून बघितला. म्हटलं, राहू दे, छान दिसतो.

जैनोद्दीन : माझ्या जागेवर बसलीस? कधी?

सकिनाबी : जुम्म्याला. तुम्ही नमाजाला गेलात की.

जैनोद्दीन : तौबा तौबा! मी तिकडं दुवा मागतोय, अल्ला दुकानात बरकत दे, आणि ही इकडं पटाशी धरतेय!

सकिनाबी : मग, बरकत गेली का?

जैनोद्दीन : म्हणजे?

सकिनाबी : मागच्या उरुसात आपली लाटणी सगळ्यांच्या आधी खपली. तुम्ही शेजारच्यांना पेढे वाटले. त्यातली अर्धी माझी होती. जमिला दोरी ओढायची, मी कातायची.

जैनोद्दीन : जमिला? माझी बहीण जमिला? ती पण सामील?

सकिनाबी : तिनंच लावलं मला. म्हणाली, भाबी, भाईचा हात थकला तर उद्या दुकान कोण चालवंल?

द्वारकाबाई : भाई, आता तुमी चौरंगावर बसा. तुमालाच चक्कर यायची.

जैनोद्दीन : लोक काय म्हणतील, बाई? तुम्हीच सांगा. जैनोद्दीन खरादी बायकोच्या हातचं काम विकतो!

द्वारकाबाई : काय म्हनतील ते म्या सांगते. ईटात घरभरणीला पंचक्रोशी येनार. माणूस ओसरीत आलं की इचारनार, खांब कुनाच्या हातचे? म्या म्हननार, उजवा जैनोद्दीनभाईचा, डावा सकिनाबीचा. नवराबायकोची जोडी हाय. ह्ये आयकून ज्याला हसाया येईल त्याला म्या जिना चडू देनार न्हाय. मग बगू किती हसत्यात.

जैनोद्दीन : असं साऱ्यांसमोर सांगणार?

द्वारकाबाई : हाळी देऊन सांगनार! अन माज्या जावंला हात धरून पयली वर नेनार. एक हात तुमच्या खांबावर, एक हात हिच्या. बग म्हननार प्रेमाबाई, दोनी खांब आपल्याकडंच बगत्यात.

सकिनाबी : अजी, काहीतरी बोला.

जैनोद्दीन : काय बोलू? ...बाई, एक अट आहे माझी.

द्वारकाबाई : बोला.

जैनोद्दीन : नुसते मोठे दोन खांब नाही. कठड्याचे बारके गज पण पिळाचेच करायचे. उजव्या अंगाचे सगळे मी करणार, डाव्या अंगाचे सगळे ती करणार. एक बाजू पिळाची आणि एक साधी, असलं लंगडं काम माझ्या दुकानातनं जायचं नाही.

द्वारकाबाई : हात्तिच्या! ही अट हाय का आशीरवाद हाय?

सकिनाबी : सगळे? मी?

जैनोद्दीन : का? आता भीती वाटते? जुम्म्याला नाही वाटत ती?

सकिनाबी : भीती नाही वाटत. रडायला येतंय.

द्वारकाबाई : रड, रड. म्या बी रडते. ...आगं बया, भोंगा वाजला गाडीचा! चालले म्या. अवो! अवो, आयकलं का! नळ्या ठेवा त्या खाली! ठेवा म्हनते ना! लोखंडवाल्याला म्हनावं जा घरी, आमाला जोडी गावली! व्हय, व्हय, उजवा बी अन डावा बी! येते गं सकिना. घरभरणीला दोगांनी यायचं. जमिलाबीला बी आना. पयला पाय जिन्यावर तुजाच पडंल, सांगून ठेवते!

जैनोद्दीन : गेल्या.

सकिनाबी : गेल्या.

जैनोद्दीन : वादळ होतं की बाई होती?

सकिनाबी : खांब इकडं द्या. भिंतीला नका टेकवू, ओरखडा उमटंल. तुमच्याजवळ ठेवते, दोन्ही एकत्र.

जैनोद्दीन : ठेव. ...सकिना, जळणात घाल म्हणालो होतो मी.

सकिनाबी : जाऊ द्या आता.

जैनोद्दीन : चुकलो. तू ऐकलं असतंस तर आज लोखंड गेलं असतं त्या घरात.

सकिनाबी : उठा आता.

जैनोद्दीन : कशाला?

सकिनाबी : डाव्या अंगाचे गज कातायचेत. ती जागा सोडा.

जैनोद्दीन : आणि मी कुठं बसू?

सकिनाबी : समोर. दोरी आहे तिथं.

जैनोद्दीन : मी? दोरी? ...बरं. हा बसलो. हाणू का जोरात?

सकिनाबी : जोरात नाही, एका लयीत. लाकूड बोलतं, ते ऐकून ओढायचं. हां. असंच.

जैनोद्दीन : तळहात सोलतो गं ह्या दोरीनं.

सकिनाबी : पहिलं वर्षभर सोलतो. मग घट्टा पडतो.

जैनोद्दीन : कधी बोलली नाहीस.

सकिनाबी : तुम्ही लाकडाकडं बघत असायचा.

जैनोद्दीन : आता तुझ्या हाताकडं बघतो.

सकिनाबी : बघा. पण बघून शिकू नका. समोर बसून शिकलं की उलटं येतं.